भरतीचा हिशेब

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते.
अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ.
हे आईनं शिकवलं, होडीच्या फळीवर
कोळशानं रेघा ओढत. दादा सात वर्षांचा तेव्हा,
मी तिच्या कडेवर.

पुढे कुठल्याशा मुलाखतीत तीन साहेबांनी
त्याला नेमकं तेच विचारलं म्हणे,
जाडजूड पुस्तक पुढे सारून.
त्यानं पुस्तक उघडलं नाही.
तिथी विचारली.
घरी हे सांगताना इतका हसला
की बोंबलाचं कालवण पांढऱ्या शर्टावर.
"तांडेल तं आपुन व्हतोच," आई म्हणाली,
"ह्ये लेफ्टनंट म्हंजे काय नवीन?"

हरेश्वर पोशा तांडेल. वय चोवीस.
दात जरा पुढे. गाणं येत नसे, तरी म्हणायचा.
रजेवर आला की बूट धक्क्यावर काढून
चिखलात शिरायचा, निवट्या धरायला.
गुडघ्याच्या वर सरकारचा,
खाली आमचा.

त्या मार्गशीर्षात काचांना काळे कागद होते.
खाडीपलीकडे मुंबई नव्हतीच.
तार आली वद्य दशमीला, दुपारी, पुरत्या ओहोटीत.
बऱ्याच खेदानंतर एक शब्द:
बेपत्ता.

म्हणजे ज्याला पत्ता नाही तो.
पण त्याला होता. मु. दिवाळे, पो. बेलापूर, ता. ठाणे.
जायचा होता तो आमचा.
त्याच सुमाराला माणसं साखळ्या घेऊन आली,
मिठागरं मोजली, भाताची खाचरं मोजली,
आणि गावाभोवती एक शहर उगवलं
ज्यात आम्ही सेक्टर अमुक झालो.

आई तेराव्याला नाही म्हणाली.
"बुडाल्याला खारी ठेवून घेत नाय."
रोज पाऊणपट करायची
आणि भरतीच्या ठोक्याला धक्क्यावर,
पहाट असो, मध्यान्ह असो.

अडीच वर्षांनी एक माणूस दार विचारत आला.
थंकप्पन. केरळचा, इंजिनरूममधला.
डाव्या हाताला दोनच बोटं.
त्याची हिंदी मोडकी, आमची त्याहून.
जहाज कललं होतं, म्हणाला, दिवे गेले होते.
साहेब शिडीच्या तोंडाशी उभे,
एकेकाच्या पाठीवर थाप मारून तराफ्याकडे ढकलत होते
आणि मोजत होते, मोठ्यानं, आपल्या बोलीत.
तेवीसपर्यंत मी ऐकलं.
आत अजून कुणी तरी ओरडत होतं.
साहेब वळले.

मग गप्प बसला. चहावर साय धरली.

मी पहिला होतो, म्हणाला.
पण मला साहेब 'एक' नाही म्हणाले.
एक मला कळतं. दुसरंच काही म्हणाले. लाभ.
लाभ म्हणजे काय?
विचारायला तराफ्यावर मराठी कुणी नव्हतं.

आई सुकट निवडत होती. मान वर केली नाही.
"आमचे कडं येक बोलत नाय, बाबा.
पाटी मोजताना पयली तो लाभ.
मंग दोन. मंग तीन."

मी जमेल तसं हिंदीत सांगितलं.
त्याला समजायला वेळ लागला.
मग उठला, तिच्यापुढची पाटी उचलली
आणि काही कारण नसताना
ओट्यावर नेऊन ठेवली. परत आत आणली.

त्या महिन्यात आईनं दिवस घातले.
धक्क्यावर जायची मात्र थांबली नाही.

आता दादाच्या नावाचा चौक आहे.
पाटीवर पोशाचा 'पोषा' झालाय,
रिक्षावाले त्याला पेट्रोल पंप म्हणतात.
मी भांडत नाही.
माझ्याकडे एकतीस पोस्टकार्डं आहेत,
दर डिसेंबरचं एक,
गिरवून गिरवून लिहिलेलं गोलमटोल देवनागरी.
मु. दिवाळे, पो. बेलापूर.
सेक्टर नाही, पिन नाही, तरी पोचलेली.
मजकूर थोडका. भात बरा झाला.
मुलीचं लग्न ठरलं. गुडघे ऐकत नाहीत.
आणि खाली सही:
आपका, लाभ.